नव्या लॅपटॉपचा कीबोर्ड दबतोय, डुगडुगतोय? पेचकस हातात घेण्याआधी हे पाहा

तालुक्याच्या गावी आमचा टायपिंगचा क्लास आहे. जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेला बसणारी मुलं दिवसभर बटणं बडवत असतात. मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ३०, एकामागून एक बॅच. क्लासच्या लॅपटॉपची डागडुजी मीच करतो हे कळल्यापासून मुलं घरचेही लॅपटॉप उचलून आणतात. "सर, नवाच हाय, पण कीबोर्ड आत जातोय बगा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता लॅपटॉप पिशवीतून बाहेर यायच्या आत मी बिल मागतो. बिल का, ते पुढे येईल.

आधी लक्षण नीट ओळखा

"कीबोर्ड लूज आहे" या एका तक्रारीखाली निदान सहा वेगळे आजार असतात.

टाइप करताना मधला भाग, म्हणजे जी, एच, बी या बटणांच्या आसपासचा, खाली दबतो. कडेला मात्र घट्ट असतो.

एकाच बाजूला दबतो आणि बोट उचललं की "टक" असा बारीक आवाज येतो.

कीबोर्डच नाही, टाइप करताना आख्खा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो.

एक-दोनच बटणं खिळखिळी आहेत, किंवा स्पेसबार एका अंगाला कललाय.

कीबोर्ड किंवा टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, टचपॅडचं क्लिक जड झालंय, झाकण मिटल्यावर पूर्ण बसत नाही.

झाकण उघडताना बिजागरीजवळची पट्टी उचलली जाते, फट दिसते.

पहिल्या चार लक्षणांत काहीतरी दबतंय किंवा हलतंय. शेवटच्या दोनांत काहीतरी उचललं जातंय. दबणाऱ्या लॅपटॉपवर तुम्ही घरी थोडेफार प्रयोग करू शकता. उचलणाऱ्यावर नाही. तुमचं लक्षण शेवटच्या दोनांतलं असेल, तर मधलं सगळं सोडून आधी बॅटरी आणि बिजागरीचा भाग वाचा.

मुळात तो दबतो का

लॅपटॉपचा कीबोर्ड सुटा काढून हातात धरला, तर तो पापडासारखा लवतो. वर प्लास्टिकची टोपी, तिच्याखाली कात्रीसारखी घडी होणारी दोन बारीक पातं, मध्ये रबराचा घुमट, मग मेम्ब्रेनचे, म्हणजे बटण दाबलं हे ओळखणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यांचे थर आणि सगळ्यांत खाली पातळ पत्रा. या पत्र्याला स्वतःचा ताठपणा फारसा नसतो. तो येतो वरच्या सांगाड्याकडून, म्हणजे जिथे आपण तळहात टेकतो त्या भागाकडून. पत्रा सांगाड्याला घट्ट धरलेला असेल तर कीबोर्ड दगडासारखा लागतो. मध्ये एखादा स्क्रू नसला, क्लिप बसली नसली, की तेवढ्या जागी तो अधांतरी होतो.

म्हणून माझा अनुभव असा, की नव्या लॅपटॉपमध्ये दोष बहुतेक वेळा कीबोर्डात नसतो, त्याला धरणाऱ्या वस्तूंत असतो. कीबोर्ड बदलायची घाई करणारे पैसे घालवतात आणि नवा कीबोर्डही तसाच दबतो.

फुकटची तपासणी: टेबल, पाय आणि नाणी

लॅपटॉप सपाट जागी ठेवा. सपाट म्हणजे खरोखर सपाट. घरातलं सनमायका लावलेलं टेबल पुष्कळदा फुगलेलं असतं. काचेचा टीपॉय किंवा फरशी उत्तम. आता चारही कोपरे एकेक करून बोटाने दाबा. डुगडुगला तर तो उचलून खालचे रबरी पाय पाहा. एखादा निघालाय, किंवा पॅकिंगमधल्या प्लास्टिकचा तुकडा खाली चिकटून राहिलाय, असं निघतं. मागच्या वर्षी एका मुलीचा लॅपटॉप फक्त एवढ्यानेच बरा झाला. पायाच्या जागी त्याच जाडीचा रबराचा तुकडा चिकटवला, संपलं. पाय चारही जागेवर आहेत, फरशी सपाट आहे आणि तरीही डुगडुगतोय, तर मात्र बॅटरीचा भाग वाचा.

यानंतर नाण्यांची परीक्षा. लोक कीबोर्ड तपासताना अंगठ्याने असा दाबतात की जणू कणीक तिंबतायत. एवढ्या जोराने दाबला तर महागडा लॅपटॉपही थोडा लवणारच. टाइप करताना एका बटणाला जोर लागतो साधारण ६० ग्रॅमच्या आसपास. १० रुपयांचं एक नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, म्हणजे आठ नाणी झाली ६२ ग्रॅमच्या थोडी खाली. लॅपटॉप बंद करा, इंग्रजी 'जी'च्या बटणावर खोडरबराचा बटणापेक्षा छोटा तुकडा ठेवा (नाणं बटणापेक्षा मोठं असतं, ते शेजारच्या बटणांवर टेकू नये म्हणून), आणि त्यावर नाण्यांची चळत रचा. डोळे कीबोर्डच्या पातळीला आणून बाजूने पाहा. 'जी'चं बटण खाली जाईल किंवा जायच्या बेतात येईल, ते ठीकच. शेजारची एफ, एच, टी ही बटणंही त्याच्यासोबत खाली गेली, तर तुमची तक्रार खरी आहे. फक्त 'जी' गेलं आणि शेजारी जागच्या जागी राहिले, तर कीबोर्ड नीट आहे. तुमच्या बोटांचा जोर जास्त आहे.

हे ऐकून लोकांना राग येतो, पण आमच्या क्लासात मी रोज बघतो. जुन्या टाइपरायटरवर शिकलेले एक गृहस्थ परत सरावाला येतात. त्यांच्या हाताखाली कुठलाही लॅपटॉप लचकतो. त्यांना मी सरळ बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून दिलाय. तुमचंही दिवसाचं टाइपिंग तासन्‌तास असेल, तर हा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचा आहे.

जमलं तर ज्या दुकानातून घेतला तिथे त्याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप दाबून पाहा. तोही तसाच दबत असेल तर ती बनावटच तशी आहे. स्वस्त प्लास्टिक बॉडीचे काही लॅपटॉप जन्मतःच मऊ असतात. त्याचं समाधान पेचकसात नाही, परतीच्या मुदतीत आहे.

एकच बटण हलत असेल तर

हे प्रकरण छोटं. टोपीखालच्या कात्रीचा एखादा आकडा निसटलेला असतो. बटणाच्या चारही कोपऱ्यांवर बोटाने सरळ खाली हलका दाब द्या. "टिक" ऐकू आलं तर बसलं. स्पेसबार आणि शिफ्टखाली तारेची एक कडी असते, ती दोन्ही टोकांना आकड्यात अडकलेली लागते. एका अंगाला कललेला स्पेसबार म्हणजे तारेचं एक टोक सुटलंय. मराठी रेमिंग्टनवाल्यांचा (म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या बटणरचनेवर टाइप करणाऱ्यांचा) शिफ्ट लवकर खिळखिळा होतो, कारण त्या लेआउटमध्ये शिफ्ट फार लागतो.

टोपी नखाने उपटू नका. कात्री कुठल्या बाजूने अडकते हे मॉडेलगणिक बदलतं आणि तो आकडा केसाएवढा असतो. तुटला तर सुटा मिळणं कठीण. नव्या लॅपटॉपच्या एका बटणासाठी सर्व्हिस सेंटरला गेलेलं परवडतं.

बॅटरी आणि बिजागरी: इथे थांबायचं

लॅपटॉप बंद करून झाकण मिटा आणि चारी बाजूंनी डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहा. खालचं झाकण पोट सुटल्यासारखं दिसतंय का? टचपॅडच्या कडेची फट एका बाजूला जास्त आहे का? सपाट फरशीवर ठेवल्यावर मधोमध टेकून भोवऱ्यासारखा फिरतोय का? यातलं एक जरी "हो" असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे असंच धरा. लिथियमच्या बॅटरीत गॅस साठला की तिची चपटी पुडी उशीसारखी होते आणि वरच्या कीबोर्डला, टचपॅडला ढकलते. नव्या लॅपटॉपमध्ये हे क्वचित होतं. पण बरेच महिने दुकानात पडून राहिलेला किंवा उन्हात गाडीत तापलेला लॅपटॉप असेल, तर होतं.

अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, गादी-सोफ्यावरून उचलून फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा. दाबून सपाट करायला जाऊ नका, टाचणी लावू नका. फुगलेली बॅटरी टोचली तर पेट घेते आणि ती आग सहज विझत नाही. एक पालक अशा लॅपटॉपवर दोन दिवस डिक्शनरी आणि वर पाटा ठेवून "बसवायचा" प्रयत्न करत होते. नशीब म्हणायचं.

बिजागरीची गोष्ट निराळी. झाकण सावकाश उघडा आणि नजर स्क्रीनवर नको, सगळ्यांत वरच्या बटणांच्या ओळीपलीकडच्या पट्टीवर ठेवा. झाकणासोबत ती पट्टी वर येत असेल, तर आत प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी नट उखडले आहेत किंवा उखडायला लागले आहेत. बिजागरी फार कडक असते, प्लास्टिक पातळ असतं. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती नटांना ओढते. हे वापरून-वापरून वाढतं, आणि शेवटी स्क्रीनची केबल किंवा काचच जाते. झाकण अर्धवट उघडं असेल तर जबरदस्तीने मिटूही नका. आहे त्या अवस्थेत फोटो काढा. फेव्हिक्विक लावून गावठी इलाज करणाऱ्यांचे लॅपटॉप मी हातात घेत नाही. त्यानंतर वॉरंटीवालेही घेत नाहीत.

बिल, मुदत, व्हिडिओ

इथे मी बिल मागतो. ऑनलाइन घेतला असेल तर बदलून देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, ऑर्डरच्या पानावर ती तारीख लिहिलेली असते. मुदत चालू असेल तर पुढचं काही वाचू नका, लॅपटॉप परत करा. मी दुरुस्त करून देऊ शकतो म्हणून तुम्ही नव्या वस्तूची दुरुस्ती का करावी?

मुदत संपली पण वॉरंटी आहे, तर नाण्यांच्या परीक्षेचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. सर्व्हिस सेंटरला "कीबोर्ड लूज वाटतो" असं सांगितलं की उत्तर येतं, "ते तसंच असतं." "६० ग्रॅम वजनाला शेजारची चार बटणं खाली जातात, हा व्हिडिओ बघा" असं सांगितलं की तक्रार नोंदवून घेतात. नंबर घ्या, तारीख लिहून ठेवा. नुसतीच टोलवाटोलवी चालली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

उघडल्याने वॉरंटी जाते का, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. पण स्क्रूच्या डोक्यावर कागदी सील असेल, तर त्याला हात लावायचा नाही, एवढं नक्की.

कडा दाबा

खालचं झाकण स्क्रूंबरोबरच कडेच्या प्लास्टिक क्लिपांनी बसतं. एखादी क्लिप सुटलेली असली की त्या बाजूचा सांगाडा सैल पडतो, आणि "टक" आवाज येतो तो हाच. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, झाकण मिटलेलं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून अंगठा आणि तर्जनीत कड चिमटीत धरत सगळ्या बाजूंनी फिरा. पुऱ्यांची कड चिमटतो तसं. स्क्रीनवर दाब द्यायचा नाही, फक्त खालच्या अर्ध्या भागाची कड. क्लिप बसली की हाताला कळतं. यात पैसा लागत नाही आणि काही मोडत नाही, म्हणून पेचकसाच्या आधी हे.

खालचे स्क्रू

आता पेचकस. फुलीच्या टोकाचा पीएच-० किंवा पीएच-००, काही लॅपटॉपना चांदणीच्या आकाराचा टी-५ लागतो. दीड-दोनशे रुपयांच्या सेटमध्ये हे सगळं येतं. चष्म्याचा किंवा शिलाई मशीनचा पेचकस नको. टोक सैल बसलं की स्क्रूचं डोकं झिजतं, आणि झिजलेलं डोकं ही स्वतंत्र डोकेदुखी आहे.

लॅपटॉप मऊ कापडावर उलटा ठेवा आणि स्क्रू मोजा. भोकं मोजा. दोन्ही आकडे जुळत नसतील तर रोगाचं मूळ सापडलं. नव्या लॅपटॉपमध्ये हे कसं? घेतानाच "रॅम वाढवून द्या" म्हणून सांगितलेलं असतं. दुकानातला पोरगा खालचं झाकण उघडतो, रॅम टाकतो, नऊतले सहा स्क्रू लावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यांत जास्त लॅपटॉप या प्रकारचे होते. रबरी पायांखाली किंवा रबरी बुचांखाली लपलेले स्क्रूही असतात, तेही पाहा. मधोमध एखाद्या स्क्रूशेजारी कीबोर्डचं चिन्ह छापलेलं असेल, तर तो खास कीबोर्डला वर धरणारा स्क्रू. तो नसला की जी-एच-बी दबणारच.

सैल असतील ते कसा, पण बोटांच्या जोराने, मनगटाच्या नाही. थांबला की थांबायचं. आणि गहाळ स्क्रूच्या जागी डब्यातला कुठलाही स्क्रू घालू नका. व्यास पुष्कळदा एकच, २ मिलिमीटरचा असतो, पण लांबी वेगळी असते, ३, ४, ५, ८ अशी. ३ च्या जागी ५ चा गेला, तर तो वरच्या सांगाड्याला आतून ढुशी देतो. तळहात टेकायच्या जागी पुटकुळीसारखा फुगवटा दिसला, तर समजा कोणीतरी लांब स्क्रू घातलाय. तो लगेच काढा. आतल्या मुख्य बोर्डात घुसला असता तर लॅपटॉपच गेला असता. दुकानदाराकडून मूळ स्क्रू मागून घ्या, तो त्याच्याच टेबलाच्या खणात पडलेला असतो.

खालचं झाकण उघडून

इथून पुढे फक्त त्यांनी, ज्यांची वॉरंटी संपलीय किंवा ज्यांनी आधी लॅपटॉप उघडलेला आहे. कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा. पूर्ण शटडाउन हवं, झोपवलेला लॅपटॉप चालत नाही. जुन्या एटीएम कार्डाने कडेच्या क्लिपा सोडवत जा, लोखंडी वस्तूने नाही. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची वायर सोडवणं, मग बाकीचं.

आत दोनच गोष्टी पाहायच्या. एक, वरच्या सांगाड्याला जाणारे स्क्रू सगळे आहेत आणि घट्ट आहेत का. दोन, कीबोर्ड सांगाड्याला कशाने धरलाय. बारीक स्क्रूंनी धरला असेल तर ते एकेक करून तपासा, मध्यापासून कडेकडे. प्लास्टिकच्या वितळवलेल्या ठिपक्यांनी धरला असेल, म्हणजे रिवेटनी, तर तो सुटा बदलायचा नाहीच असं कंपनीने ठरवलेलं आहे. सोल्डरिंगच्या डागणीने ते ठिपके परत वितळवणारे कारागीर आहेत. मी करत नाही. मेम्ब्रेन डागणीपासून कागदाएवढ्या अंतरावर असतं.

कीबोर्डची चपटी रिबन केबल हलवायची वेळ आली, तर तिच्या सॉकेटवरची बारीक पट्टी आधी नखाने उभी करा, मग केबल ओढा. पट्टी न उघडता ओढली, तर सॉकेट मोडतं आणि ते बोर्डावर बसवणं घरचं काम नाही. पट्टी मोडली की तिथेच थांबा.

सगळे स्क्रू जागेवर असूनही मध्ये पोकळी राहते, असंही होतं. त्यावर माझा जुगाड म्हणजे जुन्या एक्स-रेची फिल्म. ती पॉलिस्टरची असते, वीज वाहत नाही, आणि जाडी पाव मिलिमीटरच्या आत. बोटाएवढी पट्टी कापून, पातळ डबलटेपने, दबणाऱ्या जागी कीबोर्डच्या पत्र्याखाली. आधी एकच थर. दोन थर दिलेत आणि कीबोर्ड वर आला, तर झाकण मिटल्यावर बटणांचे ठसे स्क्रीनवर उमटतात. असा एक स्क्रीन माझ्याच हातून खराब झालाय, म्हणून सांगतो. फोमची जाड टेप नको, ॲल्युमिनियमची चकचकीत टेप तर मुळीच नको, आणि पंख्याच्या किंवा हवेच्या जाळीवर काहीच चिकटवायचं नाही.

एवढं करूनही नाण्यांना शेजारची बटणं खाली जात असतील, तर वरचा सांगाडा कीबोर्डसकट बदलावा लागतो. त्यासाठी बोर्ड, पंखा, बिजागऱ्या सगळं बाहेर काढून नव्या सांगाड्यात बसवावं लागतं. हे काम कारागिराचं. आमच्याकडून कोल्हापूरला पाठवतो. देताना मॉडेल नंबर खालच्या स्टिकरवरून उतरवून द्या. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये चार प्रकारचे सांगाडे असतात.

बंद करताना

बॅटरीची वायर जोडा, झाकण बसवा, कडा चिमटा, स्क्रू कागदावरून एकेक उचलून लावा. कागद कोरा व्हायला हवा. मग चार्जर न लावता लॅपटॉप कानाशी धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं, तर तो स्क्रू आहे. चालू करू नका. परत उघडा आणि सापडेपर्यंत शोधा.